तीन सोमवार

चौथा महिना संपत आला होता. 9 तारखेला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, म्हणून आशाताईंबरोबर गेले. दुपारी सिस्टरनी भरल्या बाकांसमोर विचारलं, "व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह कुणाचं आलंय?" व्हीडीआरएल म्हणजे रक्ताची एक तपासणी, रिॲक्टिव्ह म्हणजे तिच्यात संसर्गाची खूण दिसणं. सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. हे असं कधीच पुकारू नये.

समुपदेशक मॅडमनी मात्र आधी दार लावून घेतलं. "याला सिफिलिस म्हणतात, शरीरसंबंधातून लागणारा आजार, जुनी माणसं गरमी म्हणायची. पेनिसिलिननं बरा होतो." मला ना जखम, ना पुरळ. त्या म्हणाल्या, म्हणूनच तर सगळ्याच गरोदर बायकांचं रक्त बघतात. उपचार झाले नाहीत तर बाळ पोटातच दगावू शकतं.

2022 साली जगभरात सुमारे 11 लाख गरोदर बायकांना हा संसर्ग होता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे पुढे वाचलं. त्या दिवशी वाटलं, मी एकटीच.

"कुणाकडून आला?"

"रिपोर्टवरून नाही कळत. वर्षानुवर्षं अंगात गप्प राहतो. आधी बाळाचं बघू."

दुसऱ्या तपासणीतही तेच निघालं, प्रमाण 1:16, म्हणजे सोळापट पातळ केलं तरी रक्त रिॲक्टिव्ह; हा आकडा उतरला की उपचार लागू पडले. कधीपासूनचा ते माहीत नाही, म्हणून दर सोमवारी एक अशी तीन इंजेक्शनं, प्रत्येकी 24 लाख युनिट. आधी हातावर टेस्ट डोस, मग दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं. फार दुखतं, दोन दिवस नीट बसवत नाही. गरोदरपणी एक जरी चुकलं तरी पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या सोमवारी घरात वास्तुशांत होती, तरी गेले.

ह्यांना सांगणं त्याहून अवघड. रात्री जेवणं झाल्यावर कागद पुढे ठेवला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मीपण येतो." त्यांचंही रक्त रिॲक्टिव्ह निघालं. त्यांनी उपचार घेतले नसते तर मला पुन्हा होऊ शकला असता. माझ्या सगळ्या मैत्रिणींना हे ओरडून सांगावंसं वाटतं: नवऱ्याला सोबत न्या.

आठव्या महिन्यात प्रमाण 1:4 वर आलं. मुलगी झाली, तिचं रक्तही थोडं रिॲक्टिव्ह. मी रडायला लागले. डॉक्टर म्हणाले, आईच्या अँटीबॉडीज वारेतून बाळात जातात. तिचं प्रमाण तुमच्यापेक्षा कमी आहे, तपासत राहू. सहाव्या महिन्यात तिचा रिपोर्ट आला: नॉनरिॲक्टिव्ह. तिच्या लसीकरणाच्या कार्डात जपून ठेवलाय.