नोटीस घरच्या पत्त्यावर

अब्रूनुकसानीची नोटीस कार्यालयात आली असती तर नवल वाटलं नसतं. ती गेली थेट आमच्या वार्ताहराच्या घरी, आणि सही करून घेतली तिच्या आईने. एका कंपनीच्या सांडपाण्याची बातमी आम्ही छापली होती. भरपाई मात्र संपादक-प्रकाशकांना सोडून एकट्या तिच्याकडून मागितलेली, तीही कोट्यवधींची. सात जन्मांत फिटणार नाही, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक होतं. असल्या दाव्यात निकालाची घाई कुणाला नसते. समोरच्याला तारखांना फिरवून थकवायचं असतं.

वकिलांनी बातमी वाचण्याआधीच विचारलं, "कंपनीला प्रश्न कधी पाठवले? उत्तराला मुदत किती दिली?"

तिने ईमेलच्या प्रती पुढे केल्या. प्रश्न, मुदत, आठवण करणारा दुसरा ईमेल आणि कंपनीचं एका ओळीचं उत्तर: ‘आम्हाला काही म्हणायचं नाही.’ ते आम्ही बातमीत छापलंही होतं. वकिलांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. मग पाण्याचा तपासणी अहवाल आणि वहीतल्या तारीखवार नोंदी निघाल्या. माहिती देणाऱ्याचं नाव वहीत नव्हतंच, नुसतं एक अक्षर.

"व्हॉट्सॲपवरचं जुनं बोलणं काढून टाकू का?" तिने विचारलं, तशी वकील जवळजवळ ओरडलेच. नोटीस आल्यावर काही पुसलं की साध्या मजकुराचाही संशय येतो.

दुपारी कॅव्हेट दाखल केलं. आमचं म्हणणं न ऐकता एकतर्फी मनाई हुकूम निघू नये, म्हणून. दावा कुठे लागेल सांगता येत नाही, म्हणून दोन न्यायालयांत. सुनावणीआधीच मजकूर काढायला लावणारा अंतरिम हुकूम अपवादानेच द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने ब्लूमबर्ग ही वृत्तसंस्था विरुद्ध झी या प्रकरणात मार्च २०२४ मध्ये म्हटलंय. त्याची प्रतही फाइलला लावली.

डॅफ्नी कारुआना गलिझिया या माल्टाच्या पत्रकाराचा २०१७ मध्ये बॉम्बस्फोटात खून झाला, तेव्हा तिच्यावर अब्रूनुकसानीचे चाळीसहून अधिक दावे होते. काही नंतर घरच्यांच्या गळ्यात पडले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये काढलेल्या निर्देशानुसार असला उघड निराधार दावा सुरुवातीलाच फेटाळता येतो, अर्थात सीमापार प्रकरणांपुरता. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही.

खरं भांडण मला कार्यालयातच करावं लागलं. तिच्या बचावाचा खर्च वृत्तपत्र उचलेल, हे व्यवस्थापनाला लेखी द्यायचं नव्हतं. "आम्ही आहोतच की!" असं तोंडी सगळेच म्हणत होते. पण तोंडी शब्दावर माणूस रात्री झोपू शकत नाही. संध्याकाळी पत्र मिळालं. शिवाय दुसऱ्या दोन वृत्तपत्रांतल्या ओळखीच्या संपादकांना कागद दाखवले. त्यांनी स्वतः पडताळून बातमी द्यायचं ठरवलं. एकटी बातमी गाठून मारायला सोपी असते.

दावा अजून लागलेला नाही. कॅव्हेट ९० दिवसच चालतं, म्हणून पुढचं दाखल करायची तारीख मी डेस्कच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलीय.