सोप्यातला ओव्हन

भंगारवाल्याने झाकण उचललं, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "कुकर आहे का?"

"ओव्हन आहे," मी म्हटलं.

"अॅल्युमिनियम आहे," तो म्हणाला आणि काटा अडकवायला हूक शोधायला लागला.

सांगलीच्या घराचा माळा आवर, असं आई गेली पाच वर्षं सांगत होती. शेवटी दोन दिवसांची रजा काढून गेलो. बाकीचं सगळं बिनतक्रार खाली आलं आणि दारातून बाहेर गेलं. ओव्हनपाशी मात्र मी उगाच घोटाळलो. आईला तर काहीच वाटत नव्हतं. "टाक रे. वीस वर्षांत प्लगला लागलेला नाही तो," असं आतूनच ओरडून तिने विषय संपवला.

ज्यांच्या घरी तो गोल ओव्हन होता त्यांना वर्णन करून सांगायला नको. ज्यांच्या घरी नव्हता ते शेजारून मागून न्यायचे, त्यामुळे त्यांनाही नको. आमचा बाबांनी १९८४ साली पुण्याहून आणला, तोही एसटीत मांडीवर ठेवून, कारण झाकणाला काच होती. घरी आल्यावर पहिला प्रश्न आजीने विचारला, "यात अंडं घालणार का?" आई खोटं बोलत नाही. तिने "कधीतरी" म्हटलं. झालं. ओव्हनला स्वयंपाकघराचा उंबरा बंद झाला तो कायमचा. त्याची जागा सोप्यात ठरली, सायकल आणि छत्र्यांच्या शेजारी, एका स्टुलावर.

दुसरं कारण चपलांचं. ओव्हनला दोन पिनांचा प्लग. अर्थिंग नावाची गोष्ट त्याच्या गावी नव्हती, त्यामुळे चालू असताना हात लागला की कोपरापर्यंत मुंग्या यायच्या. म्हणून आई रबरी स्लिपर घालून केक करायची. अंडं एक वेळ झाकता आलं असतं, पण स्वयंपाकघरात चपला? आजीपुढे ते बोलण्याचीही सोय नव्हती.

त्याआधी आमच्याकडे बिस्किटं व्हायची ती बेकरीत. मे महिन्यात गव्हाचं पीठ, साखर आणि डालडा घेऊन जायचं आणि आपला नंबर येईपर्यंत भट्टीच्या धगीत बसून राहायचं. संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून बिस्किटं घरी यायची. आजी त्यांना शिवत नसे. बेकरीत पाव होतो, तिथे कशाला काय लागलेलं असेल सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं. त्यामुळे घरी ओव्हन आल्यावर आईने पहिली केली ती नानकटाई, अंड्याचा स्पर्शही नसलेल्या कोऱ्या ओव्हनमध्ये. पीठ सैल करायला थोडं दूध घातलं होतं. आजीने बराच वेळ विचार केला आणि स्वतःच निकाल दिला. दशमी दुधात भिजवतात, म्हणून ती प्रवासात चालते. हेही दुधातलं. दशमीला जो न्याय तोच याला. तिने एक नानकटाई उचलली, मग दुसरी. पुढे त्याच ओव्हनमध्ये अंड्याचे केक झाले, तरी तो निकाल काही फिरला नाही. आईने डबे मात्र दोन ठेवले होते, एकावर नेलपॉलिशचा ठिपका. कुठला कशाचा, हे आजी दर वेळी विचारून घ्यायची.

आमच्या ओव्हनची कॉइल झाकणात होती, काचेच्या भोवती गोल फिरवलेली. त्यामुळे केक वरून लालबुंद आणि खालून फिका व्हायचा. थर्मोस्टॅट वगैरे काही नाही. आई आत कागदाचा कपटा टाकायची. तो तपकिरी झाला की ओव्हन तापला, काळा झाला की जास्त तापला. केक झाला की नाही ते विणायची सुई खुपसून बघायचं. (त्या सुईने विणलेल्या माझ्या स्वेटरला व्हॅनिलाचा वास येतो असं ताई म्हणायची. येत नव्हता.)

केक दुपारीच लावायचा, हाही एक नियम. संध्याकाळी गावभर दिवे लागले की व्होल्टेज उतरायचं, ट्यूब फडफडायची आणि केक मध्येच बसायचा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे मला पुढे अकरावीत कळलं. म्हणजे २३०चे १८० झाले तर उष्णता साधारण साठ टक्क्यांवर येते. फळ्यावर ते सूत्र आलं तेव्हा वर्गात एकट्या मला बसलेला केक दिसत होता.

कॉइल मधूनमधून तुटायची. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन तुटलेली दोन टोकं ओढून एकमेकांना पीळ घालून द्यायचा. नायक्रोमची तार ती, निकेल आणि क्रोमियमची. १९०६ साली अमेरिकेत तिचं पेटंट निघालं आणि जगभरचे टोस्टर, हीटर त्या तारेवर पेटले. पण सांधा घातला की तार थोडी आखूड होते, आखूड तारेचा रोध कमी, मग ती आणखी तापते आणि आणखी लवकर तुटते. आमचा ओव्हन जसजसा म्हातारा झाला तसतसा तापट होत गेला. असे लोकही घरात होते. नावं घेत नाही.

शेजारी ओव्हन मागायला यायचे ते दिवाळीत, वाढदिवसांना आणि परीक्षा संपल्या की. रिकामं भांडं परत करायचं नसतं, तसा ओव्हनही रिकामा परत यायचा नाही. आत वाटीभर काहीतरी असायचं. त्यामुळे गल्लीत कुणाचा केक कसा होतो हे आमच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. एका काकूंचा केक इतका घट्ट असायचा की बाबा त्याला "वीट आली" म्हणायचे. खायचे मात्र सगळा.

माझ्या पुण्याच्या घरी आता मोठा ओव्हन आहे. आकडे सेट करायचे, आत जाळी सरकवायची, काम झालं की तो पाच वेळा किंचाळतो. मला हे अजिबात आवडत नाही. केक झाला की वास येतो, किंचाळायचं काय त्यात? शिवाय त्याच्या दारातून नीट दिसत नाही. मी फरशीवर मांडी घालून बसतो, मोबाईलचा टॉर्च लावतो आणि बघतो. बायकोने विचारणं सोडून दिलंय.

पण बघण्यात काहीतरी होतं. सोप्यात आम्ही स्टुलाभोवती उभे राहायचो आणि वरून काचेत वाकायचो. हात लावायचा नाही, म्हणून हात मागे बांधलेले. काचेवर आधी वाफ धरायची, मग ती जायची आणि खाली पिवळं पीठ हळूहळू वर यायला लागायचं. आजी लांब आरामखुर्चीत जपमाळ घेऊन बसलेली. तिचं इकडे लक्ष नाही असं आम्ही समजायचो. एकदा आम्ही कंटाळून अंगणात पळालो होतो. आतून तिची हाक आली, "अगं, चिरला तो! बंद कर!" आई स्लिपर शोधत धावली. परत येऊन बघतो तर आजी स्टुलापाशी उभी, हात मागे बांधून, काचेत वाकलेली. केकच्या मधोमध बारीक भेग पडली होती. तो अंड्याचा केक होता.

"एक किलो आठशे," भंगारवाला म्हणाला. मग त्याने स्क्रू ड्रायव्हर काढला, झाकणाची पट्टी उचकटली आणि काच सुटी करून माझ्या हातात दिली. "ही नको. हिचं काही येत नाही."

काच जाड होती, कडेला तपकिरी डाग. चाळीस वर्षांची चिकट साय. मी ती पायरीवर ठेवली, पैसे घेतले आणि दुसऱ्या पोत्याकडे वळलो. नंतर बघतो तर काच पायरीवर नव्हती. आईने सोडा लावून घासली होती. रात्री तिने दुधाला विरजण लावलं, पातेलं ओट्यावर कोपऱ्यात सरकवलं आणि वर ती काच ठेवली.

नीट बसली.