दहा वर्षांनी हयसर कोण?

मे महिना हा आमचा मोजणीचा हंगाम. चाकरमानी गावात असतात, पाऊस यायचा असतो, आणि वर्षभर फोनवर धुमसलेली भांडणं बांधावर समोरासमोर होतात. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. मशीन खांद्यावरून उतरवलं की कुणीतरी हळूच म्हणतंच, "बाई इली मोजूक?" त्याचं आता काही वाटत नाही. तिपाई उभी करून लेव्हल धरेपर्यंत मंडळी आपोआप गप्प होतात.

त्या दिवशीचं काम देवगड तालुक्यातल्या किनाऱ्याजवळच्या एका वाडीतलं. पोटहिस्सा मोजणी, म्हणजे एकाच जमिनीतले वेगवेगळे हिस्से मोजून देणं. क्षेत्र 0.62 हेक्टर, म्हणजे साधारण 61 गुंठे. खातेदार तिघं सख्खी भावंडं. थोरले तात्या 1982 च्या संपात गिरणी सुटल्यावर मुंबईतच वॉचमनकी करून निवृत्त झालेले. धाकटे भाऊ आयुष्यभर गावात, आंब्याची कलमं त्यांनीच राखलेली. मधली आक्का, लग्न होऊन शेजारच्या गावात गेलेली. तात्यांबरोबर त्यांचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा होता, भाऊंबरोबर त्यांचा टेम्पो चालवणारा. आक्का एकटीच आली होती, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन.

वाद होता मांगराचा, म्हणजे गुरांच्या जुन्या गोठ्याचा. वडलांनी हयातीत तोंडी वाटणी केली होती: मांगराच्या वरचं तात्याचं, खालचं भाऊचं. आक्काचा उल्लेख अर्थातच नव्हता. मांगर पडून चाळीसेक वर्षं झालेली, वरच्या अंगाला करवंदीचं रान माजलेलं. आता मांगर नेमका कुठे होता, यावर दोन भावांचं बोलणं बंद. तसं पाहिलं तर तोंडी वाटणीला आज कागदावर किंमत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि सातबाऱ्यावर तिघांची नावं सारखीच होती. हे दोघांनाही तलाठ्यानं सांगितलेलं होतं. तरी मांगर सुटत नव्हता.

आमची पद्धत अशी, की आधी जुनं टिपण, म्हणजे पूर्वीच्या मोजणीची नोंद, बघायचं, मग जागेवर वहिवाट, म्हणजे आज कुणाच्या ताब्यात काय आहे ते, घ्यायची. जुन्या टिपणातली मापं साखळी-आण्यात असतात. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. ज्यानं ती साखळी ओढली तो कधीच गेला, पण त्यानं लिहिलेला आकडा मला आजही बाहेरची हद्द काढून देतो. आतल्या वाटणीचं मात्र टिपण नव्हतं. तिथे होत्या फक्त आठवणी. कलमांच्या गच्च सावलीत रोव्हरला, म्हणजे उपग्रहावर चालणाऱ्या मोजणी यंत्राला, उपग्रह नीट मिळत नाहीत, म्हणून मी ईटीएस हे तिपाईवरचं मशीन लावलं, निशाण धरणाऱ्या मदतनिसाच्या हाती त्याचा प्रिझम दिला आणि तिघांना म्हटलं, एकेकानं मांगराची जागा दाखवा.

तात्यांनी दाखवली ती पार खाली. भाऊंनी दाखवली ती पार वर. यात नवल काही नाही. ज्याला जिकडे जमीन जास्त मिळते, तिकडे त्याचा मांगर सरकतो. आक्का विहिरीच्या अंगाला गेली आणि ठामपणे म्हणाली, "हयसर (इथेच) होतो. मी शेणाची पाटी घेऊन रोज हयसूनच जायचंय." तिन्ही ठिकाणी खुंट्या मारल्या.

मग मी गड्याला रान मोकळं करायला सांगितलं. तासाभरात कोयत्याचा आवाज बदलला. करवंदीच्या जाळीखाली चिऱ्यांचं जोतं होतं. दोन बाजू शाबूत, तिसरी ढासळलेली, कोपऱ्यात गुरं बांधायचा दगडी खुंटा. त्याच्या मानेला दाव्यानं पडलेली खाच इतकी गुळगुळीत होती, की भाऊंनी न बोलता तिच्यात बोट फिरवलं. प्रिझम जोत्यावर धरून वाचन घेतलं. तात्यांच्या खुंटीपासून 14 मीटर, भाऊंच्या खुंटीपासून 11. आणि सगळ्यांत लांब कोण? आक्का. 23 मीटर.

मला धक्का बसला तो याचा. दोघा भावांची आठवण स्वार्थानं सरकली, हे समजण्यासारखं आहे. आक्काला तर त्या मांगरातून काहीच मिळणार नव्हतं, तरी तीच सर्वांत जास्त चुकली. तिच्या डोक्यातला मांगर विहिरीला चिकटून होता, कारण तिचं लहानपण विहिरीपाशी गेलं. कितीही सरळ माणूस असला तरी भूतकाळ जिथल्या तिथे ठेवत नाही, जिथे आपला जीव अडकला तिथे नेऊन ठेवतो.

जोतं सापडल्यावर भांडण मिटायला हवं होतं. उलट भडकलं. आता दोघंही म्हणू लागले की हा तो मांगरच नव्हे, दुसरा होता. मी जबाब लिहायला बसले. हरकत असेल तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीचा, अर्ज करा, हे नेहमीचं वाक्य तोंडावर आलं होतं. तेवढ्यात आक्का जोत्यावर बसून पुतण्यांकडे बघत म्हणाली, "मांगर ऱ्हवांदे. दहा वर्सांनी हयसर कोण ऱ्हवतलो, ता सांगा."

कुणी बोलेना. मग पुण्याचा मुलगा खालच्या आवाजात म्हणाला की तो कायमचा येणार नाही, पण बाबांना रस्त्याजवळ दोन खोल्यांचं घर हवंय. तात्या त्याच्याकडे बघतच राहिले. हे त्यांनी बहुधा मुलाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. भाऊंचा मुलगा म्हणाला, त्याला वरचा पडीक भाग साफ करून नवी कलमं लावायचीत. कर्जासाठी गेला तर सामाईक सातबारा बघून बँक मागे सरते. कलम लावणाऱ्याला पाच-सहा वर्षांपुढचं बघावंच लागतं, त्याआधी आंबा हाती लागत नाही. म्हणजे ज्या वरच्या भागासाठी तात्या हट्ट धरून होते तो त्यांना नकोच होता. त्यांना रस्ता हवा होता, आणि रस्ता खाली, भाऊंच्या बाजूला.

इथून पुढचं काम भराभर झालं. तिघांना सारखे, वीस गुंठ्यांच्या जरा वर. जिरायतीचा तुकडा 20 गुंठ्यांहून लहान करता येत नाही, त्या अटीत जेमतेम बसलं. खाली रस्त्याकडे तात्या, वर भाऊ, विहिरीच्या अंगाला आक्का. मधल्या कलमांचा हिशेब त्यांनी आपसात केला, त्यात मी पडले नाही. ठरवायचं त्यांनी, मोजायचं मी. एकच गोष्ट अडली. भाऊंनी हळूच हक्कसोडीचा, म्हणजे आक्कानं आपला हिस्सा सोडून देण्याचा, विषय काढला, साडीचोळी करू म्हणाले. आक्का म्हणाली, "साडी नको माका. माझा नाव ऱ्हवांदे. कसूक तूच कस."

"काल विसरा, उद्या कुणी पाहिलाय, आज जगा" असे संदेश रोज सकाळी मोबाईलवर येतात. पाठवणाऱ्यानं कधी मोजणी बघितलेली नसावी. काल विसरला तर हद्द कुठून काढणार? पण नुसता काल धरून बसलं, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या मांगरावरून आज नको असलेली जमीन मागत बसतो माणूस. आठवण पुराव्याशी ताडून घ्यायची, आज ताब्यात काय आहे ते नीट बघायचं, आणि पुढे काय करायचंय ते तोंडानं बोलायचं. यातलं तिसरं सर्वांत अवघड. बांधावर लोक आजोबांच्या काळाबद्दल तासभर बोलतात, पुढच्या दहा वर्षांबद्दल विचारलं की जमिनीकडे बघतात.

मीही तशीच होते. घरच्यांनी ढकललं म्हणून सिव्हिलचा डिप्लोमा केला, म्हणून ही उन्हातली नोकरी, असं मी बरीच वर्षं मैत्रिणींना सांगत आले. त्या रात्री मुक्कामाच्या खोलीवरून आईला फोन लावला आणि सहज विचारलं. ती हसायलाच लागली. "आम्ही डी.एड. कर म्हणत होतो. पंचायतीच्या रस्त्याचं मोजमाप बघून आलीस आणि जेवायची थांबलीस, हेच शिकायचं म्हणून." मला यातलं अक्षरही आठवत नव्हतं. नोकरीचा वैताग यायला लागल्यावर कधीतरी माझा मांगरही सरकला असणार.

तेव्हापासून तक्रारीचा सूर आपोआप कमी झाला. आक्काचा प्रश्न स्वतःला विचारला, तर उत्तर एका ओळीत आलं नाही, अजूनही पूर्ण आलेलं नाही. जुन्या टिपणांचं वाचन नीट शिकायचं, एवढं मात्र ठरलं. मोडीतले कागद पुढे आले की आम्ही नवी मंडळी म्हाताऱ्या सहकाऱ्यांकडे धावतो, आणि ते एकेक करून निवृत्त होतायत. रविवारी मोडी गिरवते. अक्षर अजून वाईट आहे.

हा प्रश्न मी आता मोजणीआधी विचारूनही बघते. सगळ्यांना रुचत नाही. एका गृहस्थांनी सांगितलं, "मॅडम, तुम्ही मोजा, भविष्य आमचं आम्ही बघू." तेही खरंच.

त्या तिघांचं वाटप पुढे तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली गेलं. आदेश झाला, सातबारे वेगळे झाले. भाऊंच्या मुलाला कर्ज मिळालं का, ते मला कळलेलं नाही. आक्काच्या हिश्शाचा फेरफार तेवढा मी मुद्दाम काढून पाहिला. हक्कसोडीची नोंद नव्हती.