45 टक्के कशाचे?

बांधकामावरच्या अपघातांचे दावे मी बरीच वर्षं चालवते आहे. एका उत्तराने अख्खा दावा फिरलेला मात्र मी त्या दिवशी पाहिला.

माझा पक्षकार सेंटरिंगचा, म्हणजे स्लॅबसाठी प्लेटांचा साचा उभारण्याचं आणि खोलण्याचं काम करणारा कारागीर, वय 30. 2021 मध्ये स्लॅबच्या प्लेटा खोलताना परांचीची फळी सरकली आणि तो दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. उजवं मनगट आणि कोपर दोन्ही मोडलं. दवाखान्यात असतानाच ठेकेदाराच्या माणसाने एका कागदावर त्याचा डावा अंगठा घेतला: चाळीस हजार मिळाले, यापुढे काही तक्रार नाही. असे कागद पाहिले की माझा आजही संताप होतो. तेव्हा लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 चं कलम 17 सांगत होतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल आहे. पण अंगठा देणाऱ्याला हे कोण सांगणार? अंगठा दिला म्हणजे सगळं संपलं, असं समजून कितीतरी जण गावी निघून जातात.

बिल्डरचं म्हणणं होतं, हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे. त्याच कायद्याच्या कलम 12 खाली ही पळवाट चालत नव्हती. भरपाई मूळ मालकाकडून, म्हणजे इथे बिल्डरकडून, मागता येत होती, त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. प्रश्न पुराव्याचा होता, कारण साइटवर हजेरीपट ठेवलेलाच नव्हता. शेवटी मुकादमाची वही मिळाली. नावापुढे पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्या दिवसाला आडवी, मध्येमध्ये उचलीचे आकडे. अपघाताच्या तारखेला आडवी रेघ होती. माणूस दुपारी वरून पडला, म्हणून त्याची हजेरी अर्धी लावली होती! तीच रेघ आमच्या कामी आली, कारण त्या दिवशी तो कामावर होता हे तिने सिद्ध केलं.

‘सुरक्षेचा पट्टा लावला नव्हता’ हा बचावही झाला. पट्टा दिल्याचाच पुरावा नव्हता, त्यामुळे तो टिकला नाही.

खरी लढाई टक्केवारीची होती. डॉक्टरांच्या दाखल्यावर 45 टक्के कायमचं अपंगत्व लिहिलेलं. पूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक असं सूत्र आहे. वेतन तेव्हा हिशेबात जास्तीत जास्त 15,000 रुपये धरत, तिशीचा गुणांक 207.98. म्हणजे 18,71,820 रुपये. 45 टक्के धरले तर 8,42,319. फरक दहा लाखांहून जास्त.

डॉक्टर साक्षीला आले. विरुद्ध वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, “म्हणजे 55 टक्के हात शाबूत आहे, बरोबर?” डॉक्टर म्हणाले, “हाताचं विचारताय की कामाचं?” वकील म्हणाले, “दाखल्यावर आहे तेच सांगा.” मग फेरतपासणीत मी कामाचंच विचारलं. दावा ऐकणाऱ्या भरपाई आयुक्तांच्या परवानगीने डॉक्टरांनी पक्षकाराला जवळ बोलावलं आणि तळहात वर करायला सांगितलं. तो अर्ध्यावरच अडकला. मूठ वळायला सांगितली, तर दोन बोटं उघडीच राहिली. पक्षकार हळूच म्हणाला, “साहेब, हातोडा धरता येतो, मारता येत नाही.” डॉक्टरांनी सांगितलं की 45 टक्के हे अपंगत्व त्या हाताचं आहे. सेंटरिंगला शिडी चढावी लागते, डोक्यावर प्लेट धरून ठोकावं लागतं, ते हा माणूस पुन्हा करू शकणार नाही. त्या कामापुरती कमाईची क्षमता शंभर टक्के गेली आहे.

मी 1975 चा सर्वोच्च न्यायालयाचा प्रताप नारायण सिंग देव खटल्यातला निकाल पुढे ठेवला. सिनेमागृहात काम करताना पडलेल्या सुताराचा डावा हात कोपरापासून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने ते पूर्ण अपंगत्व मानलं. कायद्याची व्याख्याही तीच आहे: अपघाताच्या वेळी जी कामं करण्याची क्षमता होती, ती सगळी गेली का? विरुद्ध बाजू म्हणाली, वॉचमनची नोकरी करता येईल. पण पडला तेव्हा तो वॉचमन नव्हता, कारागीर होता, आणि ती कारागिरी शिकायला त्याची उमेदीची वर्षं गेली होती.

निकाल आमच्या बाजूने लागला. पूर्ण अपंगत्व धरून रक्कम, वर 12 टक्के व्याज, आणि वेळेत पैसे न दिल्याबद्दल दंड. अपील करायचं तर मालकाला आधी ही रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते, त्यामुळे बिल्डरने पुढे ताणलं नाही.

हुरहूर राहिली ती उपचाराच्या खर्चाची. 2009 च्या दुरुस्तीपासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाने द्यायचा असतो. पण पहिल्या आठवड्यातली बरीच बिलं ठेकेदाराच्या माणसानेच स्वतःकडे ठेवली होती, ती शेवटपर्यंत मिळाली नाहीत. कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, बिलांचं दुखणं तसंच आहे. हल्ली अपघाताचा फोन आला की मी आधी घरच्यांना सांगते: कशावरही अंगठा देऊ नका, आणि औषधाची प्रत्येक पावती पेशंटच्या नावाने घेऊन स्वतःकडेच ठेवा.