मार्कच्या शेवटच्या बारा वचनांचा अभ्यास कसा करावा

मार्काच्या शुभवर्तमानाचा १६ वा अध्याय उघडला की ८ व्या वचनानंतर बऱ्याच आवृत्त्यांत कंस किंवा तळटीप भेटते: सर्वांत जुन्या प्रतींत पुढची वचनं नाहीत. कुणी ती टीप नजरेआड करतं, तर कुणाचा विश्वासच डळमळतो. दोन्हींची गरज नाही. वचन देवाचं आहे असं मानणाऱ्यानेच ते कसं हातोहात आलं हे सर्वांत बारकाईनं पाहायला हवं.

आधी हस्तलिखितं बाजूला ठेवा आणि नुसतं वाचा. ८ व्या वचनात कबरेपासून पळालेल्या स्त्रियांबद्दल सांगितलंय. ९ व्यात एकदम ‘तो उठल्यावर’. ग्रीकमध्ये इथे येशूचं नावही नाही, म्हणून या ठिकाणी केवळ मराठी प्रत पुरत नाही. शब्दाखाली शब्द देणारी ग्रीक प्रत उघडा. मग मग्दालीया मरीयेची ओळख करून दिली आहे, जिच्यातून सात भुतं काढली ती. पण ती तर १५:४०, १५:४७ आणि १६:१ मध्ये येऊन गेली आहे! ७ व्या वचनात देवदूत सांगतो की तो तुम्हांला गालीलात दिसेल. ९ ते २० मध्ये गालीलाचं नावसुद्धा नाही. ही शिवण उघड्या डोळ्यांना दिसते.

आता प्रती. चौथ्या शतकातले सिनाई आणि व्हॅटिकन हे दोन्ही कोडेक्स (पुस्तकासारखी बांधलेली हस्तलिखितं) ८ व्या वचनापाशी संपतात. व्हॅटिकन प्रतीची छायाचित्रं ऑनलाइन आहेत, ते पान जरूर पाहा. पानावर तीन रकाने. मार्क दुसऱ्या रकान्यात संपतो आणि तिसरा अख्खा कोरा. लूक पुढच्या पानावर. या लेखनिकाची रीत अशी की एक पुस्तक संपलं की पुढचं लगेच पुढच्या रकान्यात सुरू करायचं. नव्या करारात दोन पुस्तकांमध्ये असा कोरा रकाना फक्त इथेच आहे. त्याला आणखी मजकूर असल्याचं ठाऊक होतं, असा तर्क करता येतो. पुरावा म्हणता येत नाही, कारण बारा वचनं त्या रकान्यात मावतील का यावरही वाद आहे.

इथे दोन हमखास चुका होतात. पहिली, प्रती मोजणं. हजाराहून जास्त ग्रीक प्रतींत ही वचनं आहेत हे खरं, पण एकीवरून उतरवलेल्या शंभर प्रती म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत. दुसरी चूक उलटी: प्रत जुनी म्हणून तिचा पाठ, म्हणजे तिच्यातला मजकूरही, जुनाच. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस याने इ. स. १८० च्या सुमारास १९ वं वचन मार्काच्या शेवटचं म्हणून उद्धृत केलं आहे, म्हणजे सिनाई कोडेक्सच्याही सुमारे दीडशे वर्षं आधी. चौथ्या शतकातला मंडळीचा इतिहासकार युसेबियस मात्र अचूक प्रती ८ व्या वचनाशी थांबतात असं नोंदवतो. दोन्ही साक्षी टेबलावर ठेवल्याशिवाय निकाल देऊ नये.

ग्रीकमध्ये ८ वं वचन ‘एफोबून्तो गार’ असं संपतं: ‘कारण त्यांना भीती वाटत होती.’ ‘गार’ म्हणजे ‘कारण’, आणि या शब्दावर वाक्य संपूच शकत नाही असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते चूक आहे. सेप्टुआजिंटमध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, उत्पत्ती १८:१५ पाहा. आपण हसलो नाही असं सारा म्हणते, आणि लगेच ‘एफोबेथे गार’, कारण ती घाबरली. तिथेही वाक्य ‘गार’वरच थांबतं. अख्खं पुस्तक असं थांबणं विरळा, पण व्याकरणाला धरून आहे.

माझं मत: ही बारा वचनं मार्काच्या हातची नाहीत, पण फार लवकर, मंडळीच्या पहिल्या पिढ्यांच्या साक्षीतून जोडली गेली. कोणी लिहिलं हा एक प्रश्न, पवित्र शास्त्रात आहे का हा वेगळा. कॅथलिक मंडळीने १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत पुस्तकं ‘सर्व भागांसह’ स्वीकारली. गोव्यात ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला जे शुभवर्तमान नेमलेलं आहे ते मार्क १६:१५-२० च. ‘सर्व जगात जा’ हे वाक्य तिथे मोकळ्या मनानं ऐकावं; मत्तय २८:१९ त्याच्या पाठीशी आहे. पुनरुत्थानही या वचनांवर टांगलेलं नाही. ‘तो उठला आहे’ हे ६ व्या वचनातच आलंय, आणि १ करिंथ १५:३-८ तर मार्काच्याही आधीचं.

विश्वासणारे साप उचलतील असं सांगणारं १८ वं वचन मात्र वेगळं. प्रेषितांची कृत्ये २८ मध्ये मेलीता बेटावर पौलाच्या हाताला साप झोंबतो, तो गोळा केलेलं सरपण शेकोटीत घालत असताना; त्यानं तो मुद्दाम धरलेला नाही. ज्या वचनाचा पाठच वादात आहे, त्या एकट्यावरून कुणाचा जीव धोक्यात घालणारी शिकवण उभी करणं हा गंभीर अपराध आहे.

हीच पद्धत पुढे १ योहान ५:७ ला लावून पाहा. तिथे स्वर्गातल्या तीन साक्षींचे (पिता, शब्द आणि पवित्र आत्मा) शब्द एरास्मस या विद्वानाने आपल्या छापील ग्रीक नव्या कराराच्या १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत घेतलेच नव्हते. १५२२ मध्ये घातले. ग्रीक प्रतींत ते फार उशिरा आणि मोजक्याच ठिकाणी सापडतात. तिथे निकाल द्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत.