निर्मितीचं समीकरण: आधी सूत्र, मग सहगुणक

मूलद्रव्यांपासून संयुग तयार होण्याचं समीकरण लिहिताना मी बाणाच्या उजवीकडून सुरुवात करतो. संयुगाचं सूत्र पक्कं झालं की डावीकडे काय हवं ते त्यातच दिसतं. (इथे चिन्हाला चिकटलेला आकडा वहीत खाली बारीक लिहायचा. जागा सोडून आधी आलेला आकडा म्हणजे सहगुणक.)

ॲल्युमिनिअम ऑक्साइड घ्या. ॲल्युमिनिअमची संयुजा (इतर अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता) ३, ऑक्सिजनची २. एकाची संयुजा दुसऱ्याच्या खाली, अशी अदलाबदल केली की एएल२ओ३. मॅग्नेशिअम ऑक्साइडला दोन्हीकडे २ येतात, म्हणून तिथे भाग देऊन नुसतं एमजीओ. सूत्र झालं की मी त्याभोवती पेन्सिलीने चौकट काढतो. इथून पुढे चौकटीतला एकही आकडा हलवायचा नाही.

आता डावी बाजू. धातू एकेकटे लिहायचे. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरिन, क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडिन ही सात मात्र मोकळी असताना जोडीनेच राहतात. मोकळी असताना, हे महत्त्वाचं. संयुगात गेल्यावर जोडीचा नियम संपला, तिथे सूत्र सांगेल तेवढेच अणू.

एएल + ओ२ → एएल२ओ३

ऑक्सिजन डावीकडे २, उजवीकडे ३. लसावि ६. म्हणून ओ२ च्या आधी ३ आणि संयुगाच्या आधी २. त्यामुळे उजवीकडे ॲल्युमिनिअम ४ झाले, तर डावीकडेही ४:

४ एएल + ३ ओ२ → २ एएल२ओ३

धातू मुद्दाम शेवटी ठेवायचा. तो एकटा उभा असतो, त्याच्यापुढे कितीही आकडा टाकला तरी दुसऱ्या कुणाचा हिशेब बिघडत नाही.

चौकट कशासाठी, ते पाण्याच्या समीकरणात कळतं. एच२ + ओ२ → एच२ओ असं मांडलं की उजवीकडे एक ऑक्सिजन कमी पडतो. मग हळूच ओ च्या खाली २ लिहिला जातो. मोजणी चोख जुळते, पण झालं ते पाणी नव्हे, हायड्रोजन पेरॉक्साइड! बरोबर उत्तर २ एच२ + ओ२ → २ एच२ओ.

लोखंडाच्या बाबतीत नुसत्या अदलाबदलीवर विसंबू नका. त्याची संयुजा २ आणि ३ अशी दोन्ही असते. तापलेल्या लोखंडावरून क्लोरिन सोडला तर एफईसीएल३ मिळतं, गंधकाबरोबर तापवलं तर एफईएस. लोखंडाचा कीस ऑक्सिजनमध्ये जाळला तर मुख्यतः एफई३ओ४, जे कुठल्याच एका संयुजेतून निघत नाही. हे पाठच हवं.

अकरावी-बारावीत एन्थाल्पी ऑफ फॉर्मेशन (मूलद्रव्यांपासून संयुग तयार होतानाचा ऊर्जेचा बदल) येते आणि इतके दिवस चाललेलं समीकरण अचानक चूक ठरतं. तिथे अट अशी की संयुग बरोबर १ मोल (मोल म्हणजे कण मोजायचं ठरावीक मोठं माप, जसं डझन) तयार व्हायला हवं. म्हणजे ॲल्युमिनिअम ऑक्साइडसाठी २ एएल + ३/२ ओ२ → एएल२ओ३. दीड रेणू कसा असेल, हा प्रश्न इथे गैरलागू. आपण मोल मोजतोय, आणि दीड मोल ऑक्सिजन खुशाल घेता येतो.

अवस्थाही (घन, द्रव की वायू) कंसात लिहावी लागते. २५ अंश सेल्सिअसला द्रवरूप पाण्यासाठी किंमत −२८५.८ किलोजूल प्रति मोल, वाफेसाठी −२४१.८. मधले ४४ किलोजूल बाष्पीभवनाचे, कंसात काहीच लिहिलं नाही तर ते कुणाच्या खात्यात टाकायचे? कार्बन असेल तर ग्रॅफाइट लिहायचं, हिरा नाही.

दुसरा सापळा कॅल्शिअम कार्बोनेटचा. सीएओ + सीओ२ → सीएसीओ३ संतुलित आहे, १ मोलही आहे, तरी गुण जातात, कारण डावीकडे दोन्ही संयुगंच आहेत. हवं ते असं: सीए + सी (ग्रॅफाइट) + ३/२ ओ२ → सीएसीओ३. असं करून कोणी चुनखडी बनवत नाही, हा फक्त ऊर्जेचा हिशेब आहे.

या प्रकारात एक सोय आहे, लसावि लागतच नाही. सूत्रातला आकडा धातू आणि कार्बनसाठी तसाच घ्यायचा, जोडीने राहणाऱ्यांसाठी निम्मा. खायच्या सोड्याचं सूत्र एनएएचसीओ३. सोडिअम १, हायड्रोजन १ चा निम्मा, कार्बन १, ऑक्सिजन ३ चा निम्मा:

एनए + १/२ एच२ + सी + ३/२ ओ२ → एनएएचसीओ३

प्रश्नात पूर्णांक मागितले असतील तर सगळ्याला २ ने गुणा, बाणापलीकडच्या सोड्यालासुद्धा. नेमकं तेच राहून जातं.