सादो बेटावरचा 'सु'

जपानमधल्या निइगाताहून निघालेली कार फेरी अडीच तासांनी सादो बेटाच्या र्‍योत्सु बंदराला लागली. मी गेले होते ती बेटावरच्या ओगी गावाच्या ओढीनं. कोदो हा तायको, म्हणजे जपानी ढोल, वाजवणाऱ्यांचा ताफा याच बेटावर राहतो, सराव करतो आणि इथूनच जगभर फिरतो. त्यांचा पहिला कार्यक्रम १९८१ साली बर्लिनमध्ये झाला.

जपानी देवळांत आणि जत्रांत ढोल शतकानुशतकं वाजतोय. पण लहानमोठे ढोल मांडून मंचावर सगळ्यांनी मिळून वाजवायचं, ही कुमि-दाइकोची कल्पना विसाव्या शतकातली. दाइहाची ओगुची या जॅझ ड्रमरनं १९५१ साली नागानोतल्या सुवा भागात ती उभी केली. हे कळल्यावर तायको मला जास्तच जवळचा वाटला.

ओगीच्या टेकडीवर ताताकोकान हे तायको शिकवणारं केंद्र आहे. 'ताताको' म्हणजे 'चला, वाजवू या!' आत केयाकी या जपानी झाडाचं खोड कोरून केलेले ढोल, तोंडावर गाईचं कातडं, कडेनं लोखंडी खिळ्यांची दाट रांग. मी अधीरपणे बाची, म्हणजे टिपऱ्या उचलल्या, तर शिकवणाऱ्या मुलीनं खुणेनं खाली ठेवायला लावल्या. आधी तोंडानं म्हणायचं!

डोन, डोन, डोको डोको. मध्यभागी पडतो तो डोन, काठावर वाजतो तो का. लहानपणी तबल्याच्या क्लासात केलेली पढंत आठवून अंगावर काटा आला. मात्र एक गोष्ट नवीन होती. आपण रिकाम्या जागी लिहिताना अवग्रह देतो, म्हणताना मागचा बोल लांबवतो. इथे त्या जागेलाच बोल आहे: सु. तो जवळजवळ श्वासानंच म्हणायचा.

मग वाजवायला उभी राहिले. तबल्याची बोटांची सवय इथे कामाची नव्हती. तिनं माझ्या पाठीवर तळहात ठेवून गुडघे वाकवायला लावले. जोर मनगटात नको, कमरेतून येऊ दे. पुढचा डोन पडला तो पायांखालच्या फळ्यांतून परत वर आला, छातीपर्यंत.

माझी चूक मात्र दर वेळी एकाच जागी. 'सु' आला की हात घाईनं पुढे जायचा. तिनं ढोल थांबवले, आम्हा सगळ्यांना टिपऱ्या डोक्यावर धरायला लावल्या आणि 'सु' मनातच म्हणायला सांगितलं. खोलीत कुणी हललं नाही. दंड थरथरत होते.

डोन सगळ्यांचा एकदम पडला.